पोचलीस की कळव

६ जानेवारी

ठमे,

कुणी गेलेलं नाही. आधी हे लिहून टाकते, कारण पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी तेच वाटलं असणार. मी ठणठणीत आहे. घसा तेवढा बसलाय, पण त्याचं काय, दिवसभर माईकवर ओरडणाऱ्या बाईचा घसा बसायचाच. घाबरायची पाळी आली ती माझ्यावर, आणि ती तू आणलीस.

झालं असं, की परवा मी स्टँडवर माझ्या काचेच्या खोलीत बसले होते. सकाळची गर्दी ओसरली होती. डोंगराकडची गाडी लागली, म्हणून मी माईक ओढला आणि नेहमीचं म्हटलं, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, वगैरे. माईक ठेवते तर काचेपलीकडे एक माणूस उभा. चांगला कोट घातलेला, हातात बॅग, दिसायला सुखवस्तू. आणि माझ्याकडे असा बघतोय, जणू मी त्याची जत्रेत हरवलेली मावशी. मी म्हटलं, "चौकशी पलीकडच्या खिडकीत." तर हा काचेच्या भोकाशी तोंड आणून म्हणतो, "बाई, एकदा फक्त 'पोचलीस की कळव' म्हणता का?"

मी वॉचमनला हाक मारली. दुसरं काय करणार? भरदिवसा कुणी असं बोलायला लागलं तर माणूस आरती ओवाळत नाही.

वॉचमननं त्याचं बखोट धरलं तरी तो हलेना. "मी दातांचा डॉक्टर आहे हो, मागच्या गल्लीत माझा दवाखाना आहे," असं म्हणत त्यानं फोन काढला आणि काचेला चिकटवला. फोनमध्ये एक नदी होती. दाट धुकं. एक नाव, आणि नावेत डोक्याला रुमाल बांधलेली, वल्हं धरलेली एक बाई. ती बाई वळली आणि म्हणाली, "जेवलीस का?"

ठमे, तो माझा आवाज होता. माझ्यासारखा नव्हे, माझाच. 'का' लांबवायची माझी खोड त्यात होती. मग ती म्हणाली, "अंगावर काहीतरी घे, वारं सुटलंय." आणि मग, "पोचलीस की कळव. बरं, ठेवते." नदीच्या मधोमध उभी राहून 'ठेवते' म्हणते! काय ठेवते, वल्हं? आणि मागून त्या धुक्यातून आपल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

वॉचमननं त्याला सोडलं आणि मला पाणी आणून दिलं. मागून शहराकडची गाडी लागली, तिची घोषणा करायला माझ्या तोंडून शब्द फुटेना. गाडी तशीच निघून गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

हे एका गेममधलं आहे म्हणत दातवाल्यानं त्याचं नाव सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुझीच कंपनी. तूच तिथे बसून गोष्टी लिहितेस.

तुझे बाबा गेल्यावर मी दुसरं लग्न केलं आणि तू तोंड मिटलंस. "बाबांच्या जागेवर एक ड्रायव्हर आणून बसवलास," म्हणालीस आणि गेलीस, ती गेलीसच. तेव्हापासून दर रविवारी मी फोनमध्ये बोलून निरोप पाठवतेय. एकाचंही उत्तर नाही. मला वाटायचं तू ऐकतही नसशील. म्हणजे ऐकत होतीस! ऐकून, नीट कापून, एका नावाडिणीच्या तोंडात घालत होतीस. मला 'हो' म्हणायला तुझी जीभ उचलली नाही, आणि माझं बोलणं गावभर वाटायला बरी उचलली.

आजपासून निरोप बंद. काय सांगायचं ते लिहून सांगेन. कागदाला आवाज नसतो, घे वापरून.

तुझी (आणि आता सगळ्या जगाची) आई


२० जानेवारी

ठमे,

तुझ्या गेममध्ये जाऊन आले. वासलेला आ अजून मिटलेला नाही.

तो दातवाला माफी मागायला घरी आला होता. माणूस वाईट नाही. त्यानंच ड्रायव्हरसाहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तुमचा गेम घालून दिला. मी माऊसला हात लावायला तयार नव्हते, तर ड्रायव्हरसाहेब बाह्या सरसावून म्हणाले, "गाडी कुठलीही असो, अनाउन्सरबाई, चालवायची आम्ही. तुम्ही फक्त कुठे जायचं ते सांगा." त्यांना एक घोडा मिळाला. ठमे, तो माणूस घोडासुद्धा एसटीसारखा चालवतो. वळणाला हळू करतो. वाटेत जो दिसेल त्याच्यापाशी थांबतो, बसतोस का विचारायला. मागून चिलखत घातलेले लोक आरडाओरडा करत होते, हे आपले ढिम्म. दातवाल्यानं कपाळाला हात लावला. "काका, इथे प्रत्येकाकडे स्वतःचा घोडा असतो हो!" तर हे म्हणतात, "असू दे की. दमला असेल."

तर ते जळलेलं शहर बघितलं. सगळे तिथूनच पळून निघतात हे छान सुचलंय तुला. नदी ओलांडल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही, आणि नदी ओलांडायची तर त्या नावेतूनच. म्हणजे तुमच्या गेममध्ये जो जो येतो, त्याला माझ्याकडून 'जेवलीस का' ऐकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दोन तलवारी लटकवलेला, छातीवर दाढी रुळणारा एक गडी नावेत चढला, त्यालाही मी 'जेवलीस का' विचारलं. कुणी हसलं नाही. मला वाटलं हसतील.

आणखी एक बघितलं. तुमच्या त्या जगात रिकाम्या हातानं कुणी बोलत नाही. लोहार म्हणतो कोळसा आण. वैद्य म्हणतो मुळ्या आण. राजा एवढा राजा, तोही आल्याआल्या मुकुट शोधायला पिटाळतो. नावाडीण एकटी काही मागत नाही. दातवाला म्हणाला, म्हणूनच लोक परत येतात. ज्यांनी नदी कधीच ओलांडली, राक्षस मारले, राजवाडे बांधले, ते सगळं सोडून नावेच्या धक्क्यावर येऊन बसतात. मी म्हटलं, "तुम्ही का येता?" तो म्हणाला, "दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून घरी जातो. घरी विचारायला कुणी नाही." त्याला जेवायला थांबवून घेतलं.

मग त्यानं लोक काय काय लिहितात ते वाचून दाखवलं, आणि तिथे मात्र मला धक्क्यामागून धक्के बसले. कुकरच्या शिट्टीवर पानंच्या पानं लिहिलीत! एक जण म्हणतो, ती धुक्यातल्या राक्षसाची खूण. एक म्हणतो, नाही, बुडालेल्या जहाजाचा भोंगा. माझा कुकर हा, ठमे, ज्याची रिंग दर महिन्याला बदलावी लागते. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. नावाडीण ज्याला त्याला मुलगी समजून बोलते, कारण तिची मुलगी नदीपलीकडे गेली ती परत आलीच नाही. मेली. लोक त्यावर रडतात. धक्क्यावर फुलं ठेवतात. मी स्वतः बघितली फुलं.

तू तिकडे जिवंत, धडधाकट, आणि हजारो माणसं तुझ्या नावानं सुतक पाळतायत. हे तू लिहिलंस का? की लोकांनी आपल्या मनानं जुळवलं? मला खरं सांग.

आणि नावेतली ती मागची जागा. सुकाणूजवळची. ड्रायव्हरसाहेब सवयीनं तिथे बसायला गेले, तर गेमनं त्यांना उचलून पाण्यात फेकलं. परत चढले, परत बसले, परत पाण्यात. दातवाला म्हणाला, "तिथे कुणालाच बसता येत नाही काका, ती जागा कुणाची आहे ते अजून कुणाला कळलं नाही." ड्रायव्हरसाहेब हसत होते, ते थांबले. मग म्हणाले, "मला कळलं." आणि ओल्या कपड्यांनी नावेच्या टोकाशी उभे राहिले.

तुझ्या रागाला आता पाण्यात ढकलायचे हातही फुटले म्हणायचे. लग्न केलं यात मी चूक केली असं मी तेव्हा म्हणाले नाही, आजही म्हणणार नाही.

आई


१० फेब्रुवारी

ठमे,

मी तुमच्या कंपनीत तक्रार केली. तुला कळलंच असेल. तू पत्राला उत्तर देत नाहीस, मग मी वर जाणार नाही तर काय करणार? आम्ही स्टँडवर हेच शिकवतो लोकांना, कंडक्टर ऐकत नसेल तर डेपो मॅनेजर.

तुमच्या कथाविभागाच्या प्रमुखबाईंचा फोन आला. बाई बोलायला गोड, पण घाबरलेल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तुमच्याकडे म्हणे पद्धत आहे. गोष्ट लिहिली की लिहिणाऱ्यानं आधी कुणाच्याही आवाजात तात्पुरतं बोलून घालायचं, नाव किती वेळात नदी ओलांडेल, बाई कधी वळेल, ते जुळवायला. मग खऱ्या नट्या येतात, तेच नीट बोलतात, आणि तात्पुरता आवाज काढून टाकतात. शेकडो पात्रं बदलली. एक राहिलं. "चुकून राहून गेलं," प्रमुखबाई म्हणाल्या.

मी तात्पुरती! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मग आता काढा." त्या म्हणाल्या, "काढू शकतो. किंवा तुम्ही संमती लिहून दिलीत तर ठेवू शकतो. लोकांचा फार जीव आहे तुमच्यावर." मी म्हटलं, "माझ्या मुलीचा आहे का ते विचारा आधी. काढा म्हणजे काढा." त्या म्हणाल्या, ठीक आहे, गेमच्या पुढच्या मोठ्या बदलात काढू, उन्हाळ्यात.

फोन ठेवता ठेवता त्यांच्या तोंडून एक निसटलं. नावाडिणीसाठी नटी ठरली होती. ती यायच्या आदल्या दिवशी तूच कळवलंस, की येऊ नका, या पात्राचं काम झालंय. आणि त्यावरून आता तुला वरच्यांसमोर उभं राहावं लागलं.

ठमे, तू गॅसवरचं दूध विसरशील, छत्री विसरशील, हे विसरणार नाहीस. चुकून नव्हतं ते. मग काय होतं? मला चटका लावायचा होता, की तुला रोज ऐकायचं होतं? मी डोकं खाजवून थकले. ड्रायव्हरसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही असेल. माणूस एका वेळी दोन्ही करतो."

माझ्या तक्रारीनं तुझ्या नोकरीवर गंडांतर येऊ नये. तसं मी प्रमुखबाईंना परत फोन करून सांगितलंय. पण आवाज काढाच, हेही सांगितलंय.

जाता जाता एक. दातवाला काल स्टँडवर आला होता. माझी घोषणा ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही नावेत बोलता तो आवाज आणि हा आवाज एक नाही. त्यात खरखर नाही. हे कधीपासून?" मी उडवून लावलं. तर त्यानं फोन काढून नावाडीण लावली, आणि म्हणाला, आता तुम्ही म्हणा तेच. मी म्हटलं. दोन्ही आम्ही ऐकलं. त्यानं एका घशाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. मोठा आला डॉक्टर. दात बघ म्हणावं.

आई


५ मार्च

ठमे,

हे पत्र लिहावं की नाही यावर घरात दोन दिवस खटके उडाले. ड्रायव्हरसाहेब म्हणतात लिही. मी म्हणत होते नको. शेवटी ते म्हणाले, "नंतर तिला बाहेरून कळलं तर ती तुलाही पाण्यात ढकलेल." म्हणून लिहिते.

घशात गाठ आहे. वाईट आहे. उशीर झालाय, पण फार नाही. स्वरयंत्र पूर्ण काढलं तर मी वाचेन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांचं सगळं नीट ऐकलं, मान हलवली, आणि विचारलं, "मग माईकवर कधीपासून बसू?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, ड्रायव्हरसाहेबांकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. आवाज जाणार. बारीक होणार नाही, घोगरा होणार नाही, जाणार. मानेला एक भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. पुढे एखादं यंत्र लावून काही बोलता येईलही, पण ते बोलणं माझं नसेल.

बाहेर येऊन बाकावर बसलो. मी म्हटलं, "अहो, मी भांडणार कशी?" मला वाटलं ते हसतील. ते ढसाढसा रडले. एवढा मोठा माणूस, भर दवाखान्यात.

ठमे, मी घाबरले आहे. हे तुला लिहिताना लाज वाटत नाही. मरायची नाही एवढी भीती वाटत. तू गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, कधीतरी तुझा फोन येईल, आणि मी उचलून म्हणेन, "कोण बोलतंय?" मुद्दाम, तुला चिडवायला. एवढंच ठरवून ठेवलं होतं. आता तुझा फोन आला तरी मी उचलून काय करू?

आणि त्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या, घशाकडे आधी लक्ष कसं गेलं नाही. मी काय सांगू? रोज ऐकणाऱ्याला आपला आवाज बदललेला कळत नाही. तुझ्या नावेत जुना आवाज जपलेला होता म्हणून फरक कळला. चोरी तू केलीस, आणि त्या चोरीनंच मी वाचणार.

दया येऊन धावत यायचं असेल तर येऊ नकोस. रागावून आलीस तर चालेल.

आई


२४ मार्च

ठमे,

उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय.

प्रमुखबाईंना फोन केला होता. म्हटलं, "नावाडिणीला राहू द्या. कुठे सही करायची ते सांगा." त्या इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, लोकांना आनंद होईल. मी कारण सांगितलं नाही. तू सांगितलं असशील तर माहीत नाही. तू माझी पत्रं वाचतेस की तशीच ठेवून देतेस, हेही मला माहीत नाही. निरोपांच्या खाली निदान दोन खुणा तरी उमटायच्या.

त्यांनी विचारलं, काही नवीन वाक्यं बोलून देता का? मी म्हटलं नाही. आता जे येतं ते खरखरीत आहे, लोक म्हणतील नावाडिणीला थंडी बाधली. शिवाय नवीन काय बोलू? माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्या नावेत आहेच. मी आईपण केलं म्हणजे काय केलं, जेवलीस का, पांघर, पोचलीस की कळव. एवढंच. लोकांना ते पुरतं. तुला पुरलं नाही असं मला वाटायचं.

काल स्टँडवरची शेवटची घोषणा केली. काही विशेष नाही. किनाऱ्याकडची गाडी. वॉचमन रडला. दातवाला रुग्णाला खुर्चीत तोंड उघडं ठेवून पळत आला होता, त्याला मी रागावून परत पाठवलं.

आणि मग, तुला आवाज देणार नाही म्हणाले होते ना, तो शब्द मी मोडला. घरी आल्यावर ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "एक निरोप बोलून पाठव. मी बाहेर जातो." ते बाहेर गेले. मी फोन तोंडाशी धरला, बटण दाबलं, आणि तोंडातून आलं, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' कर्म माझं. पुसून टाकलं. परत दाबलं. मनात पुष्कळ होतं. तुझ्या बाबांबद्दल होतं, की त्यांना मी विसरले नाही, आणि विसरले नाही म्हणूनच एकटी राहू शकले नाही. ते बोलायला गेले तर घसा दाटून आला, आणि दाटलेला घसा कसा वाटतो ते आता मला ऐकवत नाही. मग जे नेहमी बोलते तेच बोलले. ऐकलंच असशील. दोन खुणा उमटल्यात.

त्यात 'जेवलीस का' नंतर जी शांतता आहे, ती मी मुद्दाम ठेवली. तुला उत्तर द्यायला जागा. तेवढी जागा मी दर वेळी ठेवत होते, दर रविवारी. तू ती कापून टाकलीस गेममध्ये. दोन वाक्यं लगेच जोडलीस. तेवढंच एक मला लागलं, बाकी सगळं माफ.

आई


१२ मे

ठमे,

अगं ए! ठमे!

आता लिहिण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, तर सगळं लिहिते, हात दुखेपर्यंत. ऑपरेशन नीट झालं. मानेला भोक आहे, त्यावर जाळी आहे. ड्रायव्हरसाहेबांनी मला एक पांढरा फळा आणून दिलाय, त्यावर मी भांडते. त्यांचं म्हणणं, पूर्वीपेक्षा सोपं झालंय, मला राग आला की ते चष्मा काढून ठेवतात.

पण ते राहू दे. आज दुपारी दातवाला दवाखान्याचे हातमोजे घालूनच घरी आला. धापा टाकत म्हणाला, "नाव! नाव बघा! बदललीय!" मला वाटलं, काढला. सही करूनही काढला माझा आवाज.

ड्रायव्हरसाहेबांनी कॉम्प्युटर लावला. धक्क्यावर ही गर्दी! घोडे, चिलखतं, भाले, पंखवाले, शिंगवाले, पाय ठेवायला जागा नाही. आणि सगळे गप्प. आमचा घोडा शिस्तीत रांगेत लागला. आमची पाळी आली, नावेत चढलो. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"जेवलीस का?"

मीच होते. कुकरची शिट्टी झाली. तीसुद्धा ठेवलीत! मी डोळे उघडले, आता 'अंगावर काहीतरी घे' येईल म्हणून. आलं नाही. नाव मधोमध थांबली. नावाडीण वल्हं धरून पलीकडे बघत राहिली. काही नाही. नुसतं पाणी. ती शांतता मी ओळखली, ठमे. ती माझी होती, मी फोनमध्ये ठेवलेली, होती तेवढीच लांब.

आणि मग पलीकडच्या काठावरून, धुक्यातून, तुझा आवाज आला.

"जेवले, आई."

मला किंचाळायचं होतं. भोकातून नुसती हवा आली. दातवाल्यानं मला धरलं. पडद्यावर लोक भराभर लिहीत सुटले होते, एकाखाली एक, थांबेचनात. 'मुलगी जिवंत आहे.' 'जिवंत आहे!' 'ऐकलंत का, जिवंत आहे!' ते दाढीवाले, तलवारवाले गडी धक्क्यावर उड्या मारत होते. कुणी आकाशात बाण सोडत होतं. आपली स्वतःची मुलगी सापडल्यासारखे नाचत होते सगळे. आणि त्या गोंधळात तुझं पुढचं वाक्य मी चुकवलं असतं, पण ड्रायव्हरसाहेबांनी आवाज मोठा केला.

"तुम्ही दोघं जेवलात का?"

दोघं.

ड्रायव्हरसाहेबांनी कीबोर्डवरचे हात काढले. भर गर्दीत गाडी मध्येच सोडून दिली त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा. उठून आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ सुरू राहिला. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल. परत बसले, आणि काय केलं विचारशील तर, पुन्हा त्या मागच्या जागेवर बसायला गेले. गेमनं परत पाण्यात फेकलं. ते खो खो हसले. म्हणाले, "बरोबर आहे. ती जागा तिच्या बाबांचीच राहू दे. मी उभा राहतो, मला सवय आहे." त्यांनी सांगितलंय, हे तुला लिहायचं. लिहिलं.

त्यानंतर आम्ही नदी कितीदा ओलांडली ते विचारू नकोस. पलीकडे जायचं, परत यायचं, परत जायचं. मागचे लोक ओरडले नाहीत. दातवाला संध्याकाळपर्यंत बसून होता, त्याचे रुग्ण बहुतेक दुसरीकडे गेले.

आता ऐक. आवाज माझा गेलाय, कान गेलेले नाहीत. 'जेवले' म्हणताना तू 'ले' गिळलास. लहानपणी डबा तसाच परत आणायचीस तेव्हा असंच म्हणायचीस. तू जेवली नव्हतीस. सगळ्या जगाला फसवलंस, मला फसवता येणार नाही.

तेव्हा आधी नीट जेव. मग गाडीत बस. स्टँडवर आता माझ्या जागी यंत्र बोलतं, त्याला काही कळत नाही, चुकीचा फलाट सांगतं. त्याचं ऐकू नकोस. आम्ही दोघं दाराशीच उभे असू. मी हाक मारू शकणार नाही, म्हणून तू मार.

निघालीस की कळव.

आई